मोहदरीचं निळं कमळ

पडदा वर जातो तेव्हा समोर नुसता निळा रंग आहे.

साल एकोणीसशे एकोणसाठ, कार्तिकातली सकाळ. केळापूर तालुक्यातलं मोहदरी गाव, पांढरकवड्याहून पायी निघालं तर दीड तासाच्या वाटेवरचं. एका अंगाला तलावाची मातीची पाळ, पाळीवर मोहाची चार झाडं. दुसऱ्या अंगाला दगडी घाट. आणि मधोमध, जिथं पाणी दिसायचं, तिथं पाणीच नाही. काठापासून काठापर्यंत गलेलठ्ठ हिरवी पानं आणि त्यांच्यावर फिकट निळ्या फुलांचे तुरे, हजारोंनी. प्रत्येक फुलाच्या वरच्या पाकळीवर मोरपिसाचा डोळा. एखाद्या नाटक मंडळीच्या रंगाऱ्यानं असा पडदा रंगवला असता तर मालक म्हणाला असता, "बाबा, जरा आवर. इतकं सुंदर कुठं असतं का?"

या देखाव्यात डावीकडून एक म्हैस प्रवेश करते. तिच्यामागून एक माणूस.

म्हैस रमतगमत चालली आहे. माणूस धावतो आहे. वय पन्नाशीला टेकलेलं, अंगात मळका सदरा, कमरेच्या दोरीला पितळी लोटा बांधलेला. धावताना तो लोटा मांडीवर आपटतो आणि तिसऱ्या घंटेसारखा वाजतो.

"नाईक! ओ नाईक! थांबा! म्हस थांबवा!"

म्हशीच्या पलीकडून चाललेला खेमसिंग हा इथून तीन मैलांवरच्या बंजारा तांड्याचा नाईक. म्हैस त्यानं कालच पांढरकवड्याच्या बाजारात घेतली होती आणि वाटेत तिला तासभर मोहदरीच्या तलावात डुंबू दिलं होतं. मागून आरोळी आली तशी त्यानं आधी काठी सावरली.

"कायले बोंबलून राह्यला, भिया? म्हस माही हाय. पावती हाय खिशात."

"म्हस तुमचीच हाय, बाप्पा! तिचं शिंग पाहा!"

म्हशीच्या डाव्या शिंगाला, नव्या नवरीनं वेणीत माळावं तसं, एक निळं फूल अडकलं होतं. त्याखाली बोटभर देठ आणि मिशीसारखी काळी मुळं. खेमसिंग खदखदून हसला.

"एका फुलासाठी अर्धा कोस पळत आला? शोभून तर राह्यलं तिले."

"तुमच्या तळ्यात एक पान जाऊ देऊ नका, नाईक. अर्धं पान जाऊ देऊ नका." असं म्हणत त्या माणसानं शिंगाशी हात घातला. म्हशीला ही सलगी रुचली नाही. तिनं मान झटकली आणि माणूस धुळीत बसला, पण फूल त्याच्या मुठीत होतं. तो उठला, म्हशीभोवती फिरला, चारी खूर पाहिले, पोटाखाली वाकला, शेपटीचा गोंडा पिंजून काढला.

"ठाण्याचा जमादार बी चोराची अशी झडती घेत नाही," खेमसिंग म्हणाला. "नाव काय तुहं?"

"डोमाजी."

"काय झालं रे डोमाभिया? फुलाले एवढा भितोस?"

मुठीतला तो बोटभर देठ डोमाजीनं लोट्यात टाकला, वर सदऱ्याचं टोक झाकलं आणि साप धरून नेतात तसा तो लोटा हातभर लांब धरून घराकडे वळला.

डोमाजी हा जन्माचाच काळजीवाला. पांढरकवड्याच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, तो कापसाच्या गाठी वाहायचा आणि भोंगा व्हायच्या तासभर आधी फाटकाशी उभा असायचा, न जाणो भोंगा आज लवकर झाला तर? घरातून निघताना दाराची कडी चारदा ओढून पाहायचा. जिनातले गडी त्याला हसायचे, "डोमाजी, मेल्यावर बी तिरडीच्या गाठी तूच तपासजो." तोही हसायचा. पण तलावाची काळजी निराळी होती. तिचं मूळ कुठं आहे हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

ते मूळ तीन वर्षं मागं होतं, नागपुरात.

छप्पन सालच्या दसऱ्याच्या धम्मदीक्षेला मोहदरीतून अकरा जण निघाले. अंगात पांढरे कपडे, बरोबर ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. हिंगणघाटपर्यंत पायी आणि मिळेल त्या ट्रकनं, पुढं आगगाडी. डोमाजीची बायको तुळसाबाई निघायच्या आधल्या आठवड्यात तापानं पडली होती. तिनं साडीही धुऊन, निळीतून काढून ठेवली होती. निघताना ती म्हणाली, "मी नाही येऊ शकत तं तिथलं काहीतरी माह्यासाठी आणजा. कायबी. मातीचं ढेकूळ आणलं तरी चालते."

नागपुरात त्या मैदानावर काय झालं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. लाखो माणसं एका आवाजात बोलली. डोमाजीचा आवाज त्यात होता. पाच शीलं त्यानं म्हटली, त्यातलं चौथं त्याला तिथंच पाठ झालं: मी खोटं बोलणार नाही. परतीच्या गर्दीत मात्र तो आपल्या माणसांपासून चुकला, आणि तुळसाबाईसाठी काही घ्यायचं राहिलं. स्टेशन शोधत हिंडताना एका धोबीघाटामागच्या डबक्यात त्याला ते फूल दिसलं. निळं. आदल्या दिवशी मैदानावर जे निशाण फडकत होतं, त्याच रंगाचं. आणि दिसायला कमळाची धाकटी बहीण. डोमाजीनं गुडघाभर चिखलात उतरून मुळासकट एक रोप काढलं आणि लोट्यात ठेवलं. गाडीत, ट्रकात, दीड दिवसाच्या सगळ्या वाटेत तो लोटा त्यानं खाली ठेवला नाही.

मोहदरीच्या वेशीवर सगळी वस्ती उभी होती. चाळीस-पन्नास माणसं, पोरं, म्हाताऱ्या. कोणी तसबीर आणली होती, कोणी पुस्तिका. डोमाजीच्या लोट्यात डोकावून कोणीतरी विचारलं, "हे काय गा डोमाजी? कोणं देल्लं?"

एवढे डोळे आपल्याकडे लागण्याची डोमाजीला सवय नव्हती. ज्याच्या वाट्याला जन्मात संवाद आला नाही, त्याच्या तोंडावर एकदम उजेड पडला की तो जे सुचेल ते बोलून जातो. डोमाजी म्हणाला, "भंतेजींनी देल्लं."

दोन शब्द. अर्ध्या श्वासाचं खोटं. शील घेऊन पुरते तीन दिवसही झाले नव्हते.

पण त्या दोन शब्दांनी पुढचं सगळं केलं. मोहदरीच्या वरच्या घाटावर तोवर वस्तीतल्या माणसांना पाय ठेवता येत नव्हता. सांडव्याखालचं डबकं हे त्यांचं पाणी. त्या दिवशी भंतेजींचं फूल पाण्यात सोडायचं म्हणून सगळी वस्ती घाटाच्या पायऱ्या उतरली. पुढं तुळसाबाई, तापानं वाळलेली, निळीतून काढलेली साडी नेसून, आणि तिच्या हातात लोटा. किसनराव पाटील दात घाशीत वरच्या पायरीवर उभे होते. तोंडातली निंबाची काडी त्यांनी काढली, पुन्हा घातली, पण बोलले काही नाही. त्या दिवशी न बोलणं हेच मोठं दान होतं, आणि ते त्यांनी दिलं. दुसऱ्या दिवसापासून वस्तीच्या घागरी वरच्या घाटावर भरू लागल्या.

दोन महिन्यांनी ती काळी बातमी आली. सबंध वस्ती जमिनीवर पडून रडली. मग तर ते फूल पूज्यच झालं. प्रत्येक पौर्णिमेला ते विहारात वाहिलं जाऊ लागलं. आता कोणाजवळ तोंड उघडावं आणि सांगावं, की हे धोबीघाटामागचं आहे? डोमाजी गप्प राहिला. आणि तो गप्प असताना ते पाण्यावर पसरत गेलं.

पहिल्या वर्षी ते घाटाजवळ होतं, दुसऱ्या वर्षी निम्म्या तलावावर. तिसऱ्या वर्षी उकंडा ढीवर, या तलावात मासे धरून आणि शिंगाडे लावून जगणारा, आपलं जाळं खांद्यावर टाकून पाळीवर नुसता बसून राहू लागला.

"काय उकंडा, आज मासे नाहीत?"

"हायत ना. तुह्या कमळाखाली गुदमरून मेलेले. जाळं कोठी टाकू, पानावर?" मग थोडं थांबून, कारण उकंडा मनाचा वाईट नव्हता, "फुलं मात्र ब्येस हायत बरं. माह्या जाळ्याच्या मयताले कामी येतील."

पाणी काळं पडलं, त्याला वास सुटला. जो तलाव ज्येष्ठापर्यंत पुरायचा तो चैत्रातच तळाला जाऊ लागला, कारण ती पानं रात्रंदिवस पाणी पिऊन बसत. डास इतके झाले की ढोरं गोठ्यात उभी राहीनात.

असं सगळं झाल्यावर ती म्हैस आली. आणि तिच्या शिंगावरचा तो बोटभर देठ डोमाजीनं घरी आणला तेव्हा तुळसाबाईनं परसातल्या कड फुटलेल्या नांदेत तो टाकला. "असू द्या, पौर्णिमेले होईल."

डोमाजीनं वीस दिवसांनी नांदेत पाहिलं, तर एकाची सात रोपं. चाळीस दिवसांनी पाहिलं तर पाणी दिसेना. त्यानं नांदेच्या कडेवर बसून हात घातला. रोपं एकमेकींना दोरीनं बांधलेली, आई लेकीचं बोट धरते तशी, लेक नातीचं. हे शिंगावरून तीन मैल गेलं असतं तर? तांड्याच्या तळ्याला दुसरा झरा नाही, शेजारी विहीर नाही. चैत्रात तिथली माणसं आणि दोनशे ढोरं त्या एका पाण्यावर तगतात.

त्या दिवसापासून डोमाजी पहाटे जिनात जायच्या आधी आणि भोंग्यानंतर पाळीवर उभा राहू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्या ढोरांचे पाय पाहू लागला. लोक म्हणाले, डोमाजीला फुलानं झपाटलं.

खरी सुरी अजून म्यानात होती. ती माघात निघाली, आणि काढली घरच्याच माणसानं.

देवराव हा डोमाजीचा पुतण्या, शाळामास्तर. वाणी गोड, अक्षर मोत्यासारखं, आणि समाजाच्या कामात स्वतःला झोकून दिलेलं. एक दिवस तो हातात कागदांची चळत घेऊन आला.

"काका, मोठं काम केलं. वणीपासून घाटंजीपर्यंत तेवीस गावच्या वस्त्यांले पत्रं धाडली. येत्या बुद्धपौर्णिमेले सगळ्यांनी एकेक लोटा घेऊन मोहदरीले यावं. आपलं नागपूरचं कमळ एकेका गावाले द्यायचं. ज्याच्या त्याच्या तलावात सोडायचं. अन् लोटे कोण भरून देईन, माहीत हाय?"

डोमाजीला माहीत होतं.

"देवराव... तलाव पाह्यला का तू आपला?"

"पाह्यला ना. गाळ काढावा लागते. थे वेगळं. काका, त्या दिवशी तुमाले मंचावर बसवतो. पांढरं धोतर धुऊन ठेवजा."

पोरगा इतका आनंदात होता की डोमाजीच्या ओठांपर्यंत आलेलं माघारी फिरलं. फाल्गुन गेला. तेवीस गावांपैकी एकोणीस गावांची होकाराची पत्रं आली. चैत्र गेला. डोमाजीचं जेवण तुटलं. गाठ उचलताना दोनदा तोल गेला. डोळे मिटले की त्याला तेवीस तलाव दिसत, सगळे निळे, आणि प्रत्येकाच्या पाळीवर जाळं खांद्याला टाकून बसलेला एकेक उकंडा. आणि खरं सांगितलं तर? वस्ती काय म्हणेल हे एक. त्याहून मोठी धास्ती वरच्या आळीची. 'तलाव यांनीच नासवला' एवढं त्यांना म्हणता आलं, की घाटाच्या पायऱ्या पुन्हा बंद. एका माणसाच्या खोट्यापायी सगळ्यांचं पाणी जाईल.

पौर्णिमेला आठ दिवस असताना, दुपारी तुळसाबाई सुपात ज्वारी पाखडत बसली होती. डोमाजी तिच्यासमोर येऊन बसला.

"कोकिळाची माय, एक गोठ सांगाची हाय." त्यांची लेक कोकिळा लग्न होऊन वणीकडे गेली होती, पण बायकोला हाक मारायची रीत तीच राहिली होती.

"सांगा."

"थे फूल... भंतेजींनी नाही देल्लं. मीनंच काढलं. एका डबक्यातून."

सूप थांबलं नाही. "धोबीघाटाच्या ना?"

डोमाजीनं मान वर केली.

"भंतेजींच्या हातचं फूल, अन् मुळाले साबणाचा वास!" तुळसाबाई म्हणाली. "मले काय नाक नाही? घाटावर लोटा माह्याच हातात होता."

"मंग तू बोलली काहून नाही?"

तिनं सूप खाली ठेवलं. "तुमी नागपूरवरून माह्यासाठी काहीतरी आणलं होतं. कसं बोलू? मी म्हटलं, असू दे. माह्यापुरतं खोटं हाय. मले काय माहीत, थे तलावभर होईन." मग पदरानं कपाळ पुसून ती म्हणाली, "आता तुमी बोला. नाही बोलले तं त्या दिवशी मी उठतो अन् बोलतो. मंग तुमचं काय राहीन?"

आणि पौर्णिमेचा दिवस उजाडला. महाराष्ट्र राज्य होऊन दहा दिवस झाले होते, किसनरावांच्या दाराला लावलेलं आंब्याचं तोरण अजून वाळून लटकत होतं. मोहदरीच्या घाटावर पांढऱ्या कपड्यांची गर्दी. पितळी, तांब्याचे, जर्मनचे, एकोणीस गावचे साठेक लोटे, घासून लख्ख केलेले. उन्हात ते असे चमकत होते की डोळ्यांसमोर अंधारी यावी. रांगेत सगळ्यांच्या पुढं मानीबाई नावाची एक म्हातारी. वणीकडच्या खेड्यातून दोन दिवस चालत आली होती, पायाला चिंध्या बांधल्या होत्या. वरच्या पायरीवर किसनराव आणि गावची चार माणसं पाहायला उभी. पाळीवर उकंडा. आणि आमंत्रण नसताना खेमसिंग नाईक, कारण म्हशीच्या झडतीची गोष्ट तो तीन बाजारांत सांगत फिरला होता आणि त्या झडती घेणाऱ्याचा आज सत्कार आहे, हे त्याच्या कानी आलं होतं.

देवरावनं पाच मिनिटं सुंदर भाषण केलं. मग डोमाजीला पुढं केलं. मानीबाईनं लोटा पुढं धरला.

डोमाजीनं लोटा हातात घेतला. पाण्याकडे वाकला. सगळ्यांना वाटलं, आता भरला. तो तसाच वाकलेला राहिला. नटाला शब्द आठवेनासे झाले की सभागृहात जी शांतता पसरते, तशी ती शांतता. विंगेतून शब्द सुचवणारं एकच माणूस होतं. ते बायकांच्या घोळक्यात उभं होतं आणि त्याच्याकडे टक लावून पाहत होतं.

"मुसावादा," डोमाजी म्हणाला. आवाज फुटला नाही. पुन्हा म्हणाला. "चौथं शील. मी मोडलं. हे कमळ नाही. हे भंतेजींनी देल्लं नाही. मीनं धोबीघाटामागच्या डबक्यातून उपटून आणलं अन् तुमच्याशी लबाडी केली. चार वर्षं केली. पाहा या तलावाकडे. मासे मेले. पाणी मेलं. एका बोटाएवढ्या देठानं माही नांद चाळीस दिवसांत भरली. तुमी हे घरी नेलं तं तुमच्या गावचं पाणी मराचं पाप बी माह्याच डोक्यावर. मारा मले. पण नेऊ नका."

देवरावच्या हातातले कागद घाटावर पडले, ते त्यानं उचलले नाहीत.

मग वरून किसनराव बोलले, सावकाश, "म्हणजे डोम्या, आमचा तलाव तुह्या लोट्यानं नासवला म्हण की."

हेच. ज्या वाक्याच्या धास्तीनं डोमाजीनं चार महिने भाकर नीट गिळली नव्हती, ते वाक्य भर उन्हात उभं राहिलं. घाटावरच्या बायकांनी नकळत पोरं जवळ ओढली.

"पाटील," पाळीवरून उकंडा म्हणाला, "डोमाजीचा लोटा आमी पाह्यला. तुमच्या घरच्या हौदात थे कोणाच्या लोट्यानं गेलं? तुमच्याच लेकीनं, बेबीताईनं, माह्याकडूनच दोन टोपल्या नेलत्या, गोकुळाष्टमीले. म्हणे, कान्हाले निळं आवडते."

आधी खेमसिंग हसला. मग कोणीतरी मागून. मग हसू पायरी-पायरीनं वर चढत गेलं आणि शेवटी किसनरावांच्या मिशीपर्यंत पोचलं.

"बरं बरं," ते म्हणाले. "हौद आज उपसतो. पण तलाव?"

"तलाव मी उपसतो," डोमाजी म्हणाला. "एकट्यानं उपसतो. मरेपर्यंत."

मानीबाई अजून हात पुढं करून उभी होती. "लेका," ती म्हणाली, "मी दोन दिवस चालून आली. या लोट्यात आता काय नेऊ?"

"काही नेऊ नको, माय. रिकामा ने. कोरडा ने."

म्हातारीनं आपला लोटा घेतला आणि घाटाच्या तापलेल्या दगडावर पालथा घातला. थेंब शिल्लक नव्हताच, तरी घातला. तिच्या मागच्यानं घातला. त्याच्या मागच्यानं. बघता बघता साठ लोटे पालथे झाले. सगळ्यात शेवटी देवराव. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. तो त्यानंतर काकाशी सहा महिने बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर खोचून तलावात उतरला तो पहिला होता.

एकट्यानं उपसायची वेळ डोमाजीवर आली नाही. तिसऱ्या दिवशी तांड्यावरून खेमसिंग सहा बैलबंड्या आणि चऱ्हाटं घेऊन आला. "तू माही म्हस तपासली, आता मी तुहा तलाव तपासतो, भिया." पाणी आटलं होतं ते बरं झालं. चऱ्हाटाची वेढी टाकून बैलांनी ती हिरवी गोधडी ओढायची, पाळीच्या पलीकडे उन्हात पसरायची, वाळली की जाळायची. वरच्या आळीची दोन-तीन घरं मात्र आली नाहीत, आणि 'बाटवलं' हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. त्या पावसाळ्यात सांडव्यावर डोमाजीनं तुराट्यांचं कूड बांधलं आणि त्याला लागून वाहत आलेलं एकेक पान तो हातानं वेचत राहिला.

गोष्ट इथं संपती तर बरं झालं असतं. पण जलपर्णी, आता तिला हे नाव आहे, तिचं बी गाळात वर्षानुवर्षं निजून राहतं. दर उन्हाळ्यात पाणी हटलं की ओल्या चिखलात नखाएवढी दोन पानं वर यायची आणि दर उन्हाळ्यात डोमाजी चिखलावर ओणवा व्हायचा. त्यानं घाटावर नियम लावला: इथून पाणी नेलं की भांडं घरी रिकामं करून उन्हात पालथं घालायचं. ढोर बाहेर काढलं की वाटेवर उभं करून पुसायचं. जाळं परगावी न्यायचं तर आधी दोन दिवस बाभळीवर वाळवायचं. लोक त्याला 'डोमाजीचा नाका' म्हणायचे. "नाकेदार, लोटा उघडून दाखवू का धोतर?" असं विचारणारेही होते.

बासष्टच्या श्रावणात खेमसिंगची बायको लालीबाई स्वतः चालत मोहदरीला आली. तिच्या ओढणीच्या गाठीत एक रोप होतं, वाळून काळं पडलेलं. "आमच्या तळ्यात मिळालं, दादा. एकच होतं. मीनं उपटलं. पण एकच होतं, हे कोण सांगे?"

डोमाजीनं ते रोप मुळापर्यंत उलटसुलट पाहिलं. मग आठ दिवस त्यानं जिनाकडे पाठ केली. तीन मैलांचा नाला त्यानं हातापायांवर शोधला, तांड्याच्या तळ्याचा काठ वीत-वीत चाचपला. नाल्यात काही नव्हतं. मग आलं कुठून? नवव्या दिवशी उकंडा आपणहून आला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"मीनं जाळं देल्लं होतं तांड्यावर. वाळवलं होतं रे, दोन दिवस वाळवलं होतं. पण आमच्यात कोरडं जाळं देत नाहीत. कोरडं जाळं उपाशी असते, घेणाऱ्याचं पोट मारते. म्हून देता खेपी तलावात एकदा बुडवलं."

डोमाजी त्याच्यावर ओरडला नाही. त्यानं बराच विचार केला. मग म्हणाला, "उपाशी देऊ नको. घरच्या घागरीतलं पाणी शिंपड अन् दे. पोट भरते ना त्यानं?"

उकंडानं विचार केला. "भरते," तो म्हणाला.

त्यानंतर तांड्याच्या तळ्यात दुसरं रोप निघालं नाही. पण डोमाजीनं तसं कधी म्हटलं नाही. कोणी म्हणालं, "जिंकलास गा", तर तो म्हणायचा, "औंदा नाही दिसलं. पुढच्या साली पाहू." मोहदरीत पुन्हा शिंगाडे लागले, उकंडाचं जाळं ओलं होऊ लागलं, घाटाच्या पायऱ्या बंद झाल्या नाहीत. आणि त्या पायऱ्यांवर तो संध्याकाळी असा बसायचा, जसा पाळण्यातल्या पोराचा ताप उतरल्यावरही बाप कपाळावर हात ठेवून बसतो.

सदुसष्टच्या वैशाखात त्याचा दमा वाढला. आयुष्यभर छातीत गेलेला कापूस आता वर आला होता. दुपारची वेळ, दारात तुळसाबाई वारा घालत बसलेली. खेमसिंग नाईक आला. हातात लोटा.

"भिया, आमच्या तळ्याचं पाणी आणलं. तुह्यासाठी."

तुळसाबाईनं नवऱ्याला उठवून बसवलं. डोमाजीनं लोटा दोन्ही हातांनी धरला, पण प्यायला नाही. आधी तो दाराच्या उजेडाकडे तिरपा केला आणि आत पाहत राहिला. एक घटका गेली असेल. पाण्यात काही नव्हतं. नुसतं पाणी होतं, तळाचं पितळ दिसणारं. मग तो दोन घोट प्याला, तिसरा तुळसाबाईला दिला आणि उरलेलं अंगणात ओतायला सांगितलं. तिनं ओतलं, लोटा नाईकाला परत दिला.

खेमसिंग निघाला. दारापर्यंत पोचला असेल, तेव्हा मागून आवाज आला, बारीक, पण प्रत्येक अक्षर मोकळं, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. त्यानंतर डोमाजी बोलला नाही.

"नाईक, घरी गेल्यावर लोटा उन्हात पालथा घालजा."